विचारा की राव : सहा एपिसोडात गुंडाळलेला 'पोलीस स्क्वॉड'

मागच्या अंकात कोपऱ्यात जागा उरली होती म्हणून चार ओळी टाकल्या, की अमेरिकेत १९८२ साली 'पोलीस स्क्वॉड!' नावाची एक विनोदी मालिका आली, सहा एपिसोड झाले आणि बंद पडली. बास, एवढंच. त्यावर इतके मेसेज आले की संपादक म्हणाले, काका, या महिन्यात मोबाईल दुरुस्ती आणि वजन कमी करायचे प्रश्न राहू दे, हेच घ्या. म्हणून हा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. प्रश्न जसे आले तसेच ठेवलेत, फक्त शिव्या काढल्या.

काका, मी आणि माझा दोस्त केबलवर 'द नेकेड गन' बघत मोठे झालो. त्या पिक्चरच्या नावाखाली 'फ्रॉम द फाईल्स ऑफ पोलीस स्क्वॉड' असं येतंय. दोस्त म्हणतो तो पण जोकच आहे बे, असली काय फाईल बिईल नव्हतीच. मी म्हणतो सिरीयल होती. पैज लागलीय, हरणाऱ्यानं पार्क चौपाटीला पावभाजी द्यायची. — एक वाचक, अशोक चौक

पावभाजी तुझी झाली. एक्स्ट्रा बटर सांग.

फाईल खरोखर होती. ४ मार्च १९८२ ला एबीसी चॅनलवर पहिला एपिसोड लागला. बनवणारे तिघं जण, डेव्हिड झुकर, जेरी झुकर हे दोघं भाऊ आणि त्यांचा दोस्त जिम एब्रहॅम्स. या तिघांनी १९८० साली 'एअरप्लेन!' नावाचा पिक्चर काढला होता, विमानाच्या अपघाताच्या पिक्चरांची टर उडवणारा, तो धो धो चालला होता. मग त्यांनी तेच हत्यार पोलिसांच्या सिरीयलींवर चालवलं. हिरो लेस्ली नील्सन, पात्राचं नाव फ्रँक ड्रेबिन. मार्च महिन्यात चार एपिसोड दाखवले आणि चॅनलनं गाशा गुंडाळला, उरलेले दोन जुलैमध्ये कसेबसे उरकले. एकूण सहा. आपल्याकडं सहा एपिसोडात नवरीची हळद पण होत नाही.

आणि मग सहा वर्षांनी, १९८८ च्या डिसेंबरमध्ये त्याच मंडळींनी तोच ड्रेबिन घेऊन मोठ्या पडद्यासाठी 'द नेकेड गन' काढला. सुमारे एक कोटी वीस लाख डॉलरचा पिक्चर, आणि नुसत्या अमेरिकेतच पावणेआठ कोटी डॉलरच्या वर धंदा केला. टीव्हीवर ज्याला कुणी विचारलं नाही तेच सोंग तिकीट काढून बघायला लोक आले. त्यातले कितीतरी जोक तर सिरीयलमधलेच परत वापरलेत. पुढं १९९१ आणि १९९४ ला अजून दोन भाग आले, आणि २०२५ साली लियाम नीसनला घेऊन नवा पण आला. म्हणजे दोस्ताला सांग, फाईल अजून बंद झालेली नाही.

एक फरक मात्र आहे. सिरीयलमध्ये ड्रेबिनचा साहेब एड हॉकन हे पात्र ॲलन नॉर्थ करायचा, पिक्चरमध्ये तिथं जॉर्ज केनेडी आला. आणि नॉर्बर्ग हा सहकारी सिरीयलमध्ये पीटर ल्यूपस होता, जो 'मिशन इम्पॉसिबल' या जुन्या मालिकेतला पैलवान गडी. पिक्चरमध्ये नावात एक अक्षर वाढवून ते काम ओ. जे. सिम्पसनला दिलं. हो, तोच तो, पुढं खुनाच्या खटल्यात गाजलेला.

एवढी भारी होती तर बंद का पाडली? आमच्या घरात तर न आवडणाऱ्या सिरीयली पण आठ आठ वर्षं चालू असतात. आई आणि मी विड्या वळताना टीव्ही लावूनच ठेवतो, काय लागलंय ते बघत पण नाही, नुसता आवाज पाहिजे. — एक वाचक, विडी घरकुल, कुंभारी

ताई, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे, आणि हा गेल्या कित्येक महिन्यांतला सगळ्यात चांगला प्रश्न आहे.

त्या वेळी एबीसीच्या मनोरंजन विभागाचे प्रमुख होते टोनी थॉमोपुलस. मालिका का बंद केली याचं त्यांनी जे कारण दिलं ते टीव्हीच्या इतिहासात अमर झालंय. ते म्हणाले, की ही मालिका आवडायची असेल तर प्रेक्षकाला ती बघावी लागते. वाचा परत एकदा. बघावी लागते! टीव्हीची सिरीयल बघावी लागते म्हणून बंद. 'टीव्ही गाईड' या तिकडच्या साप्ताहिकानं तर मालिका बंद करायचं सगळ्यात मूर्ख कारण म्हणून या वाक्याची नोंद केली, आणि तेव्हापासून जो तो त्या साहेबांना हसतोय.

पण मी हसत नाही. मला वाटतं माणूस धंद्याचं बोलला, फक्त तोंडातून सरळ निघालं. त्याला म्हणायचं होतं की लोक टीव्ही बघत नाहीत हो, ऐकतात. आता तुमचंच घ्या ताई, मांडीवर सूप, एका हातात पान, त्यात तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा, हजाराचा हिशोब डोक्यात, डोळे वर करायला फुरसत कुठंय? मान वर केली की विडी बिघडणार. मग सिरीयलवाले काय करतात, सासूबाई चिडल्या की ढगांचा गडगडाट तीन वेळा, प्रत्येकाच्या तोंडावर कॅमेरा जाताना धाड धाड धाड, आणि जे झालं ते पात्र स्वतःच परत बोलून दाखवतं, 'म्हणजे तू ते पत्र वाचलंस तर!' कशासाठी? तर पाठमोऱ्या बसलेल्या बाईला पण कळावं म्हणून. उगाच नाही आठ आठ वर्षं चालत. त्या सिरीयली कानासाठी बनवलेल्या असतात आणि त्या कामात त्या एकदम पक्क्या असतात, त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

अमेरिकेत विड्या नव्हत्या पण भांडी होती, इस्त्री होती, पोरांचा गृहपाठ होता. तिकडची नेहमीची विनोदी मालिका पण कानावरच चालायची. पात्र काहीतरी बोलतं, मागून हसण्याचा आवाज येतो, की किचनमधल्या माणसाला कळतं जोक झाला. 'पोलीस स्क्वॉड'चं सगळं उलटं. तिथं पुढं दोन माणसं अगदी गंभीर चेहऱ्यानं खुनाबद्दल बोलतायत आणि जोक मागं चाललाय, पाठीमागच्या खिडकीत, टेबलाच्या कडेला, दारावरच्या पाटीवर. एक उदाहरण सांगतो. फ्रँक एका श्रीमंताच्या बंगल्यात 'जपानी गार्डन' बघायला जातो, आणि बागेत मोठ्या मोठ्या कुंड्यांमध्ये खरीखुरी जपानी माणसं उभी केलेली आहेत. कुणी काही बोलत नाही त्यावर. ना फ्रँक थांबतो ना कॅमेरा. तुम्ही त्या सेकंदाला पान कातरत असाल तर गेलं, तुमच्यासाठी ती दोन माणसं बागेत फिरत बोलली एवढंच. असे मिनिटाला चार पाच निसटले की अर्ध्या तासानंतर माणूस म्हणणार, काय कंटाळवाणी पोलिसांची सिरीयल आहे.

बरं वेळ पण बेकार मिळाली होती, गुरुवारी रात्री, समोर दुसऱ्या चॅनलवर 'मॅग्नम पी. आय.' सारखी तगडी डिटेक्टिव्ह मालिका. रेटिंग आलं नाही. नंतर झुकर मंडळी स्वतःच बोलली, की बंद झालं ते एका अर्थी बरं झालं, एवढे जोक दर आठवड्याला आणायचे कुठून. ते पण खरंय. एक एपिसोड पंचवीस मिनिटांचा, त्यात जेवढा माल आहे तेवढ्यात आपल्याकडं वर्षभराचा स्किट शो निघेल.

जाता जाता, मागाच्या शेडमध्ये उलटी तऱ्हा. यंत्रमागाच्या खटखटीत टीव्हीचा आवाज ऐकूच येत नाही, तिथं नुसतं चित्र दिसतं. थॉमोपुलस साहेबांनी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत सर्व्हे केला असता तर कदाचित सिरीयल वाचली असती.

आमच्या कॉलेजच्या क्विझमध्ये विचारलं होतं की पोलीस स्क्वॉडच्या पहिल्या एपिसोडचं नाव काय. आम्ही 'द ब्रोकन प्रॉमिस' सांगितलं, जजनी चूक दिलं आणि म्हणाले 'अ सबस्टॅन्शियल गिफ्ट'. आमचा एका मार्कानं नंबर गेला. यूट्यूबवर क्लिप बघितली तर निवेदक स्पष्ट 'द ब्रोकन प्रॉमिस' म्हणतोय. न्याय करा. — तिघं विद्यार्थी, जुळे सोलापूर

पोरांनो, तुम्ही बरोबर, जज पण बरोबर, आणि प्रश्न काढणारा माणूस एक तर फार हुशार किंवा त्यानं पूर्ण वाचलं नव्हतं.

हा या मालिकेतला कायमचा जोक आहे. सहाच्या सहा एपिसोडला दोन दोन नावं. पडद्यावर एक लिहिलेलं येतं आणि त्याच क्षणी निवेदक भारदस्त आवाजात भलतंच नाव वाचतो. पहिल्यात लिहिलंय 'अ सबस्टॅन्शियल गिफ्ट', वाचतोय 'द ब्रोकन प्रॉमिस'. तिसऱ्यात लिहिलंय 'द बटलर डिड इट', वाचतोय 'अ बर्ड इन द हँड'. आणि यातली खरी गंमत माहितीय का? हा निवेदक हँक सिम्स, हा काही कॉमेडियन नव्हता. सत्तरच्या दशकात क्विन मार्टिन नावाच्या निर्मात्याच्या डिटेक्टिव्ह मालिका तिकडं जोरात असायच्या, 'कॅनन', 'बार्नाबी जोन्स' वगैरे, त्यात 'आजचा भाग...' असं खऱ्या खऱ्या सांगणारा आवाज याचाच. म्हणजे अमेरिकन माणसाला आवाज ऐकूनच वाटणार की चला, सिरीयस काहीतरी सुरू होतंय. त्याच माणसाला आणून चुकीचं नाव वाचायला लावलं.

क्विन मार्टिनच्या मालिकांमध्ये मध्येच 'अंक दुसरा' अशी पाटी पण यायची, नाटकासारखी. यांनी ती पण घेतली, पण दर वेळी तिला काहीतरी शेपूट लावलं. एकदा 'ॲक्ट टू' च्या खाली 'यांकीज वन', म्हणजे बेसबॉलचा स्कोअर झाला. दोन सेकंद पाटी दिसते आणि जाते.

पहिल्या एपिसोडची स्टोरी पण सांगून टाकतो, सोलापूरकरांना जवळची वाटेल. एका पतसंस्थेत काम करणारी बाई, तिच्यावर दाताच्या डॉक्टरचं बिल थकलेलं, ते भागवायला ती पैशावर हात मारते, दोन माणसं मारते आणि दरोडा पडला असा बनाव करते. फ्रँक चौकशीला येतो आणि मेलेल्या माणसांची नावंच अशी आहेत की जबाब घेता घेता सगळ्या ऑफिसचा गोंधळ उडतो, कोण कुठं होता, कोणावर किती वेळा गोळी झाडली काही कळेना. तो सीन मी नाही सांगणार, सांगून तो मरतो.

एका मार्काचं काय ते कॉलेजलाच विचारा. मी असतो तर दोन्ही उत्तरांना मार्क दिले असते आणि दोन्ही सांगणाऱ्याला बोनस.

सुरुवातीलाच पाहुणा कलाकार मरतो म्हणे, हे काय नवीन? — एक वाचक, साखर पेठ

हे माझं सगळ्यात आवडतं.

टायटल चालू असतं, नावं येत असतात, निवेदक म्हणतो आजचे विशेष पाहुणे अमुक अमुक, तो पाहुणा पडद्यावर येतो, आणि तिथल्या तिथं मरतो. संपलं त्याचं काम. पुढं अख्ख्या एपिसोडमध्ये परत दिसत नाही. आणि पाहुणे काही सोमेगोमे नाहीत. 'स्टार ट्रेक'चा कॅप्टन विल्यम शॅटनर, तो गोळीबारातून शिताफीनं वाचतो, आणि मग हातातल्या ग्लासात वाईन असते ती पितो, तिच्यात विष. 'बोनान्झा'चा बाप लॉर्न ग्रीन. गायक रॉबर्ट गुले, त्याला भिंतीपुढं उभं करून बंदुकवाल्यांची रांग लावून उडवला. जॉर्ज स्टॅनफर्ड ब्राऊनच्या डोक्यावर वरून तिजोरी पडते. आणि 'ब्रेडी बंच'मधली सगळ्या अमेरिकेची लाडकी आई फ्लॉरेन्स हेंडरसन, ती किचनमध्ये गाणं म्हणत काम करतीय आणि तिथंच गोळ्या घालतात. आपल्याकडं एखाद्या सिरीयलनं 'विशेष उपस्थिती' म्हणून मोठा नट आणायचा, पेपरात जाहिरात द्यायची आणि टायटलमध्येच त्याच्यावरून ट्रक घालायचा, कल्पना करा काय पत्रं येतील.

यात एक दुःखाची गोष्ट पण आहे. कॉमेडियन जॉन बेलुशीचा पण असाच एक सीन शूट केला होता, पाण्याखाली बुडवून मारायचा. पण ४ मार्चला मालिका सुरू झाली आणि दुसऱ्याच दिवशी, ५ मार्च १९८२ ला बेलुशी ड्रग्जच्या ओव्हरडोसनं खरोखर गेला. तो सीन काढून टाकला, दाखवलाच नाही, आणि ते फुटेज पुढं गहाळच झालं.

टायटलमध्ये अजून एक माणूस आहे, रेक्स हॅमिल्टन, अब्राहम लिंकनच्या वेशात. थिएटरमध्ये बसलेला असताना मागून गोळी येते, टोपी उडते, आणि हे लिंकन साहेब खिशातून पिस्तूल काढून उलट फायर करतात. हे पात्र एकाही एपिसोडमध्ये नाही. दर आठवड्याला नाव मात्र थाटात येतं. आणि त्या टायटलमध्येच निवेदक मोठ्यानं सांगतो, 'रंगीत!' अमेरिकेत १९८२ साली ही चेष्टा होती, कारण तिकडं रंगीत टीव्ही जुना होऊन गेला होता. आपल्याकडं त्याच वर्षी १५ ऑगस्टला दूरदर्शन रंगीत झालं, म्हणजे इथं ती बातमी ठरली असती.

मागून हसण्याचा आवाज येत नाही म्हणून माझ्या मिस्टरांना ती कॉमेडी वाटतच नाही. आवाज का घातला नाही? — एक वाचक, रेल्वे लाईन्स

कारण पात्रांना माहितीच नाही की ते कॉमेडीत आहेत. लेस्ली नील्सन असा बोलतो जसं काय केस खरीच आहे. त्यात हसण्याची रेकॉर्ड घातली तर सगळ्यावर पाणी. मिस्टरांना म्हणावं आवाज तुम्हीच काढा.

काका, मला तर हे सरळ सरळ सीआयडी वाटतंय. तिकडं पण लॅबवाला, इकडं पण डॉक्टर साळुंखे. आपल्यावाल्यांनी कॉपी मारली का? — एक वाचक, विजापूर रोड

नाही. 'सीआयडी' १९९८ ला सुरू झाली आणि ती आपली सिरीयस होती, म्हणजे निदान तसं म्हणून सुरू झाली. दया दरवाजे तोडायला लागल्यावर आणि एसीपी प्रद्युम्नांची बोटं फिरायला लागल्यावर लोकांनी तिची मजा घ्यायला सुरुवात केली, पण शिवाजी साटम कधी डोळा मारत नाहीत, म्हणूनच ते चालतं. 'पोलीस स्क्वॉड'चं तसं नाही, ते मुद्दाम केलंय. त्यांच्या डोळ्यासमोर होती 'एम स्क्वॉड' नावाची १९५७ ते १९६० मधली मालिका, ली मार्विनची. टायटलची मांडणी, ते जॅझचं संगीत, गाडीतून येणारा डिटेक्टिव्ह, सगळं तिथून उचललंय. दोन्हींची टायटलं एकामागं एक लावून बघा, भाऊ भाऊ वाटतील.

पण तुझं निरीक्षण चुकीचं नाही. पोलिसांच्या सिरीयलीचे काही खांब जगभर एकच असतात. एक साहेब, एक लॅब, एक खबऱ्या, आणि शेवटी ऑफिसमध्ये हसत हसत केस संपवणं. या लोकांनी एकेक खांब घेतला आणि वाकवला. लॅबमध्ये टेड ओल्सन नावाचा शास्त्रज्ञ आहे, फ्रँक दर वेळी आत जातो तेव्हा तो एखाद्या लहान पोराला प्रयोग शिकवत असतो, आणि तो प्रयोग पोरांना अजिबात शिकवू नये असला असतो. ऑफिसात अल नावाचा एक सहकारी आहे, तो इतका उंच की त्याचं डोकं कधीच फ्रेममध्ये मावत नाही, आपल्याला फक्त छातीपर्यंत दिसतो आणि बाकीचे मान वर करून त्याच्याशी बोलतात.

आणि खबऱ्या जॉनी, तो बूटपॉलिशवाला. याला तोड नाही. फ्रँक बसतो, बूट पुढं करतो, म्हणतो गल्लीत काय चाललंय. जॉनी म्हणतो मला काय माहीत. मग एक नोट सरकते आणि जॉनी घडाघडा सगळं सांगतो, कोण कुठं किती वाजता. इथपर्यंत नेहमीचं. फ्रँक उठून गेला की दुसरं गिऱ्हाईक बसतं, आणि ते असतं पाद्री, तो विचारतो मेल्यानंतर पुढं काय असतं? जॉनी म्हणतो मला काय माहीत. नोट सरकते. आणि जॉनी आत्म्याबद्दल बोलायला लागतो. एकदा तर डॉ. जॉईस ब्रदर्स, ज्या तिकडं टीव्हीवर लोकांना मानसशास्त्राचा सल्ला द्यायच्या त्या स्वतः येऊन बसल्या जॉनीकडं सल्ला मागायला. आमच्या सात रस्त्याला एक पानवाले होते, त्यांचा थाट असाच होता, पण ते नोट न घेताच सांगायचे आणि बहुतेक सगळं चुकीचं.

शेवटचा खांब म्हणजे फ्रीज. जुन्या मालिकांमध्ये शेवटी सगळे हसतात आणि चित्र थांबतं, वर नावं येतात. इथं चित्र थांबत नाही, नटच थांबतात. आहे त्या पोजमध्ये पुतळे होऊन उभे राहतात, पण बाकी जग चालूच. एकदा कॉफी ओतता ओतता थांबले, तर कॉफी कप भरून वाहायला लागली, वाहतीय, वाहतीय, नट हलत नाही. एकदा पकडलेला गुन्हेगार बघतो की अरे सगळे थिजले, आणि पळायची वाट शोधायला लागतो. एकदा चिंपांझी आहे ऑफिसात, त्याला कोण सांगणार फ्रीज हो म्हणून, तो कागद उडवत बसलाय आणि नट डोळ्याची पापणी न हलवता उभे. तो बघाच.

हा लेस्ली नील्सन नेहमी असाच विनोदी कामं करायचा का? — एक वाचक, दमाणी नगर

अजिबात नाही, आणि हेच तर त्याचं भांडवल. हा कॅनडाचा माणूस, १९२६ चा जन्म. पन्नाशी ओलांडेपर्यंत त्यानं सगळी गंभीर कामं केली. १९५६ च्या 'फॉरबिडन प्लॅनेट' मध्ये यानाचा कमांडर, १९७२ च्या 'पोसायडन ॲडव्हेंचर' मध्ये बुडणाऱ्या जहाजाचा कॅप्टन. 'एअरप्लेन!' वाल्यांना असलाच माणूस पाहिजे होता, ज्याला बघून कुणाला शंका येणार नाही. सख्खा भाऊ एरिक तर १९८४ साली कॅनडाचा उपपंतप्रधान झाला, आणि हा इकडं कचऱ्याच्या डब्यांवर गाड्या घालत होता.

'पोलीस स्क्वॉड'साठी त्याला एमीचं, म्हणजे तिकडच्या टीव्हीच्या मोठ्या पुरस्काराचं, नॉमिनेशन मिळालं होतं, लेखनाला पण मिळालं होतं. म्हणजे बंद पाडलेल्या मालिकेला दोन नॉमिनेशनं. बक्षीस नाही मिळालं ते सोडा.

खाजगीत माणूस महाखट्याळ. खिशात एक छोटं यंत्र ठेवायचा, दाबलं की पादल्यासारखा आवाज. मुलाखतीत, लिफ्टमध्ये, कुठंही वाजवायचा आणि स्वतः चेहरा एकदम सभ्य. २०१० साली गेला, तर थडग्यावरचं वाक्य पण याच विषयावरचं कोरून घेतलंय. सभ्य भाषेत सांगायचं तर, 'होऊ दे मोकळं.'

सोलापूरच्या मासिकात अमेरिकेच्या बंद पडलेल्या सिरीयलीचं काय काम? पाण्याचं लिहा, चार पाच दिवसाआड नळ येतोय. — एक वाचक, बुधवार पेठ

पाण्याचं पान क्रमांक तीनवर आहे काका, दर महिन्याला असतंय, आणि नळ तरीपण तसाच येतोय. या पानावर थोडं हसू द्या.

बघायला सुरुवात कुठून करू? कुठलाही एपिसोड लावला तर चालतंय का? — एक वाचक, होटगी रोड

स्टोरीला स्टोरी जोडलेली नाही, त्यामुळं समजायला काही अडत नाही, पण ऐक माझं, क्रमानंच बघ. दोन कारणं. एक, फ्रँक गाडी थांबवताना दर वेळी रस्त्यावरचे कचऱ्याचे डबे उडवतो, आणि जितवा एपिसोड तितके डबे. पहिल्यात एक, दुसऱ्यात दोन, असं. हे माहीत नसलं की नुसती धडक दिसते. दुसरं म्हणजे प्रत्येक एपिसोडच्या शेवटी फ्रँक आणि एड बोलतात, की या गुन्हेगाराला आता स्टेट्सव्हिल जेलात पाठवू, मागच्या आठवड्यातल्या अमक्याच्या सोबतीला. पुढच्या आठवड्यात ती यादी एका नावानं वाढते, मग अजून एक, सहाव्यापर्यंत नावं घेता घेता त्यांना दम लागतो. मधूनच बघितलंस तर ती यादी तुला यादीच वाटंल.

आणि जेवत जेवत लावू नकोस. सहा एपिसोड म्हणजे जाहिराती सोडून जेमतेम अडीच तास, एका रविवारी दुपारी उरकतात. जो डिरेक्टर जो दांते, पुढं 'ग्रेमलिन्स' ज्यानं केला, त्यानं यातले दोन एपिसोड केलेत, ते कुठले ते नावांत बघून ओळख आणि मला कळव. संपले की लगेच 'नेकेड गन' लाव, आधी नको, नाहीतर सिरीयलमधले जोक शिळे लागतील, खरं तर शिळे पिक्चरवाले आहेत.